कारखानदाराचा सावकार होतो तेव्हा

१८९६ साली लंडनमध्ये अर्नेस्ट एडविन विल्यम्स या लेखकाचे एक छोटेखानी पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. नाव ‘मेड इन जर्मनी’. विल्यम्स वाचकाला त्याच्याच घरातून फिरवून आणतो. मुलांची खेळणी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके, दिवाणखान्यातला पियानो, सगळे जर्मनीहून आलेले. इतकेच काय, देशभक्तीचे अग्रलेख ज्यावर छापले जातात तो कागदही तिकडचाच. घरमालकाने एकेक वस्तू उलटी करून पाहावी आणि चरकावे, हा पुस्तकाचा हेतू. तो साधला. पुस्तकावर महिनोन्‌महिने वाद झडले.

गंमत अशी की वस्तूंवरचे ते शब्द जर्मनांनी हौसेने छापलेले नव्हते. ते ब्रिटिश संसदेने १८८७ च्या कायद्याने छापायला लावले होते. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर स्वस्त सुऱ्या-कात्र्यांवर शेफील्डचे नाव घालतात आणि गिऱ्हाईक फसते, अशी ओरड होती आणि ती बऱ्याच अंशी खरी होती. तेव्हा इंग्रजी वाटेल अशी खूण असलेल्या परदेशी मालावर तो कुठला हे लिहिणे आले. ते वाचून गिऱ्हाईक पाठ फिरवील, असा हिशेब होता. झाले उलटेच. आपण इतके दिवस जे वापरून खूश होतो ते मुळात कुठून येते, हे लोकांना तेव्हा कळले. वसाहतींतल्या व्यापाऱ्यांनाही कळले. मग लंडनच्या अडत्याला मधले पैसे कशाला द्यायचे?

साधारण १८७० ते १९१४ ही माझ्या या पुस्तकाची चौकट आहे. पॉल बैरॉक या आर्थिक इतिहासकाराचे अंदाज घेतले तर जगातल्या एकूण कारखानी उत्पादनात १८८० साली ब्रिटनचा वाटा २२.९ टक्के होता, १९१३ साली तो १३.६ टक्क्यांवर आला. याच काळात जर्मनी ८.५ वरून १४.८ वर गेली. पोलादात जर्मनीने १८९३ साली ब्रिटनला मागे टाकले, आणि १९१३ साली जर्मनीचे पोलाद सुमारे १७५ लाख टन, तर ब्रिटनचे जेमतेम ७७ लाख टन होते.

या आकड्यांवरून ब्रिटन भिकेला लागत होता असे कुणाला वाटेल, तर ते साफ चूक आहे. एकंदरीत तो आधीपेक्षा जास्तच माल काढत होता. १९१३ सालीही सरासरी ब्रिटिश माणसाचे उत्पन्न सरासरी जर्मनापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होते. घसरण होती ती वाट्यात आणि वेगात. म्हणूनच तिच्याकडे काणाडोळा करणे शक्य झाले. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला ‘तू मागे पडतो आहेस’ हे कोण आणि कसे पटवणार?

ही गोष्ट मला सर्वांत नीट दिसली ती रंगांच्या धंद्यात. त्यामुळे प्रस्तावनेतही तिथे जरा रेंगाळतो.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी पूर्व लंडनमधल्या आपल्या घरी, प्रयोगशाळा म्हणून मांडलेल्या खोलीत क्विनाइन बनवायचा खटाटोप करत होता. हिवतापाने साम्राज्याला बेजार केले होते आणि क्विनाइन महाग होते. ते साधले नाही. हाती आला तो डांबरापासून निघणाऱ्या ॲनिलिनचा काळपट गाळ, आणि तो धुताना सुटलेला जांभळा रंग. हा रंग रेशमावर पक्का बसतो हे पोराने ओळखले, पेटंट घेतले, वडिलांची पुंजी ओतली आणि ग्रीनफर्डला कारखाना काढला. कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा जन्म असा लंडनमध्ये झाला. कोळसा ब्रिटनमध्ये, गॅसच्या कारखान्यांतून फुकटात पडणारे डांबर ब्रिटनमध्ये, रंगांचे जगातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे लँकेशायरचे कापडवालेही तिथेच. याहून अनुकूल सुरुवात कागदावरही आखता आली नसती.

आणि तरीही दोन दशकांत हा धंदा ऱ्हाइन नदीच्या काठी गेला. कसा गेला, हे माणसांच्या येण्याजाण्यातून दिसते. पर्किनचा गुरू ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा जर्मन. १८४५ साली लंडनच्या रसायनशास्त्र महाविद्यालयासाठी त्याला बोलावून आणले होते. वीस वर्षे त्याने इंग्रज मुलांना शिकवले आणि १८६५ साली बर्लिनने प्रशस्त प्रयोगशाळा देऊ केली तेव्हा तो परतला. हाइन्रिख कारो मँचेस्टरच्या रंगकारखान्यात तयार झाला आणि पुढे बीएएसएफ या जर्मन रंगकंपनीचा मुख्य रसायनज्ञ झाला. पेटर ग्रीस मात्र इंग्लंडमध्ये राहिला. त्याने लावलेल्या डायझो प्रक्रियेच्या शोधावर पुढे शेकडो रंग उभे राहिले. पण तो स्वतः उरलेला जन्म बर्टनच्या एका बीअरच्या कारखान्यात नोकरी करत होता. ब्रिटनच्या अपयशाचा एकच पुरावा मागितला, तर मी ग्रीसची ही नोकरी पुढे करीन.

१८६९ च्या जूनमध्ये मंजिष्ठेतला लाल रंग, म्हणजे ॲलिझरीन, कृत्रिम रीतीने बनवण्याच्या पेटंटसाठी बीएएसएफने आणि पर्किनने लंडनमध्ये अर्ज केले. एका दिवसाच्या अंतराने, जर्मन अर्ज आधी. समझोता झाला, दोघांनीही पैसे कमावले. १८७४ साली छत्तिसाव्या वर्षी पर्किनने कारखाना विकला आणि तो संशोधनाकडे वळला. धंदा वाढवायचा तर शिकलेले रसायनज्ञ डझनांनी हवेत, आणि ब्रिटिश विद्यापीठांतून तेवढे मिळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले होते. मंजिष्ठेची शेती फ्रान्समध्ये बसली. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात आलच्या मुळांपासून लाल रंग काढणारे रंगारी आणि ती मुळे पिकवणारे शेतकरीही त्याच तडाख्यात सापडले.

निळीची कथा याहून मोठी. आडॉल्फ फॉन बायरने प्रयोगशाळेत नीळ बनवली १८८० च्या सुमारास. ती बाजारात विकण्याजोगी स्वस्त व्हायला १८९७ साल उजाडले. मधल्या सतरा वर्षांत बीएएसएफने १ कोटी ८० लाख मार्कांच्या आसपास रक्कम या एका रंगापायी ओतली. एका टप्प्यावर सगळे अडले असता उष्णतामापक फुटून पारा भांड्यात पडला आणि प्रक्रिया भराभर होऊ लागली, असे सांगतात. दैव म्हणा हवे तर. पण पारा पडला तेव्हा तिथे कारण हुडकून काढणारा शिकलेला माणूस हजर होता, आणि त्याला तिथे बसवून पगार देण्याची कंपनीची तयारी होती. सतरा वर्षे नफ्याविना वाट पाहणारा कारखानदार त्या काळच्या ब्रिटनमध्ये मला सापडला नाही.

बिहारच्या निळीचे मळे बहुतांशी इंग्रजांचे. भाव कोसळले तसा त्यांनी तोटा खाली ढकलला. चंपारणमध्ये तीनकठियाच्या रिवाजाने शेतकऱ्याला बिघ्यातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवावे लागत. नीळच नकोशी झाली तेव्हा मळेवाल्यांनी त्या सक्तीतून सोडवण्याचीही किंमत लावली आणि वाढीव खंड किंवा एकरकमी पैसे उकळले. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते या गाऱ्हाण्यांवर. आपल्या पाठ्यपुस्तकांत चंपारण येते, निळीचे मळेवाले येतात. मळेवाल्यांच्या पायाखालची जमीन बीएएसएफच्या लुडविग्सहाफेनमधल्या कारखान्याने काढून घेतली होती, ही मधली कडी मात्र गळते.

पोलादाचे थोडक्यात सांगतो. लंडनच्या पोलीस कोर्टातला एक कारकून, सिडनी गिलख्रिस्ट थॉमस, आणि वेल्समध्ये रसायनज्ञ असलेला त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७८-७९ मध्ये फॉस्फरसयुक्त खनिजापासून चांगले पोलाद काढण्याची रीत शोधली. जर्मनीने १८७१ साली फ्रान्सकडून हिसकावलेल्या लोरेन प्रांतात असलेच खनिज अमाप होते आणि तोवर जवळजवळ निरुपयोगी पडून होते. कारकुनाच्या शोधाने त्याचे सोने झाले. म्हणजे बुद्धी ब्रिटनमध्ये आटली होती असे अजिबात नाही. शोध लागत होते, पण त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातले निकाल पाहून रसायनज्ञ लायन प्लेफेअर यांनी, आपले तंत्रशिक्षण मागे पडते आहे, असा जाहीर इशारा दिला होता. त्यानंतर समित्या बसल्या. मोजमापांची राष्ट्रीय प्रयोगशाळा जर्मनीत १८८७ साली निघाली, ब्रिटनमध्ये १९०० साली.

ही दिरंगाई परवडली कशी, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला कारखान्यांतून उठून लंडनच्या पेढ्यांवर आणि तिथून मुंबईच्या बंदरावर यावे लागते.

१९१४ पर्यंत ब्रिटनचे सुमारे ४०० कोटी पौंड परदेशांत गुंतले होते. अर्जेंटिनाचे लोहमार्ग, कॅनडाची शहरे, दक्षिण आफ्रिकेच्या खाणी. त्यांचे व्याज आणि लाभांश घरी येत. शिवाय जहाजांचे भाडे, विम्याचे हप्ते, हुंड्यांवरची दलाली. माल विकून जे कमी पडे ते यातून भरून निघे. गावाकडे एखाद्या चालत्या गिरणीचा मालक व्याजबट्ट्यावर बरे चालते म्हणून गिरणीतले पट्टे बदलायचे टाळतो, तशातला हा प्रकार. त्याला आळशी म्हणता येत नाही. त्याच्या वहीत जमा बाजू दरसाल वाढतच असते.

या वहीत हिंदुस्थानचे पान सर्वांत महत्त्वाचे होते. जर्मनी, अमेरिका, जपान हे देश आपला कापूस, ताग, गळिताची धान्ये, कातडी घेत आणि त्यांच्याशी आपला व्यापार शिलकीत राही. ब्रिटनशी मात्र तुटीत. जर्मनी-अमेरिकेकडून हिंदुस्थानने कमावलेले पैसे ब्रिटिश मालाच्या किमतीपोटी, आणि होम चार्जेस म्हणून लंडनला द्याव्या लागणाऱ्या निवृत्तिवेतन, कर्जव्याज, लोहमार्गांच्या हमीच्या रकमांपोटी ब्रिटनकडे वळत. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांशी व्यापारात येणाऱ्या तुटीचा मोठा भाग ब्रिटन अशा रीतीने हिंदुस्थानच्या शिलकीतून भागवत असे. दादाभाई नौरोजी आयुष्यभर ज्या संपत्तीच्या ओघाबद्दल बोलत राहिले, त्याचे हे दुसरे टोक. दादाभाईंनी तो ओघ इथून निघताना मोजला. तो तिथे पोहोचून काय करत होता, हे त्यांच्या वादाच्या कक्षेत फारसे आले नाही.

कापडाचेही तेच. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड बाहेर पाठवले, त्यातले ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात उतरले. हे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून १८९६ साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. परदेशी कापडावर जेवढी आयात-जकात तेवढाच देशी कापडावर कर! १९२५ च्या अखेरीस वसुली थांबेपर्यंत गिरणगावातल्या प्रत्येक थानावर तो पडत राहिला. लँकेशायरच्या मतदारसंघांना दुखवणे लंडनच्या कुठल्याच सरकारला परवडणारे नव्हते.

पण ही कवचकुंडले घालून लँकेशायरने काय केले? जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८० च्या दशकातच नवी रिंग चाती बसवली. १९१३ सालीही लँकेशायरमधल्या पाचांपैकी चार चात्या जुन्या म्यूल पद्धतीच्या होत्या. तिथल्या बारीक सुताला आणि हात बसलेल्या कारागिरांना म्यूलच सोयीची, असे काही अर्थशास्त्रज्ञ हिशेब मांडून दाखवतात, आणि तो हिशेब चुकीचा नाही. त्या दिवसापुरता तो बरोबरच होता. १९३० च्या दशकात जपानने कापडाच्या निर्यातीत लँकेशायरला मागे टाकले तेव्हाही बहुधा कुणीतरी असाच बरोबर हिशेब दाखवला असेल.

राजकारणात या अस्वस्थतेला तोंड फोडले जोसेफ चेंबरलेन यांनी. बर्मिंगहॅममध्ये स्क्रू बनवून गबर झालेला हा माणूस वसाहतमंत्री होता. १५ मे १९०३ रोजी त्यांनी बर्मिंगहॅमच्या भाषणात १८४६ पासून धर्मासारखा पाळला गेलेला खुला व्यापार सोडून साम्राज्याभोवती जकातीची भिंत घालण्याचा विचार मांडला. सप्टेंबरमध्ये त्यासाठी मंत्रिपद सोडले. विरोधकांनी दोन पाव दाखवले, खुल्या व्यापाराचा मोठा आणि जकातीचा छोटा, आणि १९०६ च्या निवडणुकीत चेंबरलेन यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला. मला चेंबरलेन यांचे निदान पटते, औषध पटत नाही. भिंतीआडच्या हिंदुस्थानी बाजारानेच जी सुस्ती आणली, ती आणखी मोठ्या भिंतीने कशी जाणार होती?

चेंबरलेन यांच्या त्या भाषणाच्या अकरा वर्षे आधी, १८९२ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले होते. इंग्रजांचे अर्थशास्त्र हे सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू पडणारे शास्त्र नव्हे, हा त्याचा गाभा. आणि आधार फ्रीडरिख लिस्टसारख्या जर्मन विचारवंतांचा. राज्यकर्ता खुल्या व्यापाराची पोथी वाचत असताना त्याच्या प्रतिस्पर्ध्याची पोथी पुण्यात उघडली गेली होती. लिस्टच्या विचारांचे पुढे इथे काय झाले, हे स्वतंत्र पुस्तक होईल. जर्मनी तशी त्या काळच्या मुंबईला परकी नव्हतीच. बायर कंपनीने १८९६ साली इथे रंगांची विक्री सुरू केली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला आणि अखेरीस श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. घरोघरच्या देव्हाऱ्यामागे टांगलेली लक्ष्मी-सरस्वती जर्मन शिळाछापाच्या कसबाने रंगली होती.

ब्रिटनची सगळी भीती जर्मनीपायी खर्च झाली, याचे मला नेहमी नवल वाटते. १८८० ते १९१३ या त्याच ३३ वर्षांत जगाच्या कारखानी उत्पादनातला अमेरिकेचा वाटा १४.७ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेला होता. अमेरिकी आक्रमणावर पुस्तके आली नाहीत असे नाही. १९०२ सालचे फ्रेड मॅकेन्झी यांचे पुस्तक गाजलेही. पण अमेरिका दूर होती, भाषेने जवळची होती आणि उत्तर समुद्रात आरमार बांधत नव्हती. १९०५ साली एलियट मिल्स यांनी निनावी काढलेल्या एका पुस्तिकेत तर साम्राज्याच्या अंताचा इतिहास २००५ साली टोकियोत, जपानी शाळांसाठी लिहिला गेल्याची कल्पना होती. रशियाला हरवणारा जपान त्या वर्षी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. भीतीला चेहरा लागतो आणि तो बहुधा ताज्या वर्तमानपत्रातून मिळतो.

शत्रू म्हणून रंगवलेली जर्मनी हिंदुस्थानच्या खालोखाल ब्रिटनचे मोठे गिऱ्हाईक होती, हेही ध्यानात ठेवलेले बरे. जर्मन जहाजांपैकी पुष्कळांचा विमा लंडनमध्येच उतरवलेला होता. युद्ध झाले तर ब्रिटिश आरमाराने बुडवलेल्या जहाजांची भरपाई लॉइड्स देणार का, हा प्रश्न खरोखरीच विचारला गेला होता.

इतिहासकारांत या ऱ्हासावर अजून एकमत नाही. मार्टिन वीनर १९८१ साली म्हणाले की इंग्रज उच्चवर्गालाच उद्योगाचे वावडे होते, कारखानदाराच्या मुलाला जमीनदार साहेब व्हायचे होते. त्याआधी १९७० साली डॉनल्ड मॅक्‌लॉस्की यांनी, पुढे डीअर्ड्रा मॅक्‌लॉस्की म्हणून ख्यात झालेल्या, सवाल टाकला होता की व्हिक्टोरियन ब्रिटन अपयशी ठरलाच कुठे? उद्योजकांनी समोरच्या किमती पाहून शहाणपणाचेच निर्णय घेतले होते. वीनर यांचे मत वाचायला झकास, पण पुराव्याला पातळ वाटते. साहेब होण्याची हौस जर्मन कारखानदारांनाही कमी नव्हती. मॅक्‌लॉस्की यांच्या बाजूने मी बराच आहे. फक्त त्या समोरच्या किमती कुणी ठरवल्या होत्या? हिंदुस्थानचा बाजार खुला ठेवायला लागणारे सैन्य हिंदुस्थानच्याच पैशावर पोसले जात होते. तो खर्च ज्याच्या हिशेबात धरावा लागला नाही, त्याचे निर्णय शहाणपणाचे दिसणारच.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि काही आठवड्यांतच कळले की ब्रिटनच्या गिरण्या वापरत असलेल्या रंगांपैकी सुमारे ८० टक्के जर्मनीहून येत होते. सैनिकांच्या गणवेशांना खाकी रंग पुरेना. दुर्बिणींची भिंगे, मोटारींचे मॅग्नेटो, टंग्स्टन, सगळ्यांची बोंब. खुल्या व्यापाराची शपथ घेतलेल्या सरकारने १९१५ साली स्वतःचे पैसे घालून ब्रिटिश डाइज ही कंपनी उभी केली. पर्किनला वारून आठ वर्षे झाली होती.

अमेरिका आणि चीन यांच्यावर एक प्रकरण असावे, असा आग्रह मित्रांनी धरला होता. तो मी मोडला. साम्य दाखवायला सोपे आहे, आणि वाचक ते आपापले पाहतीलच. पण ब्रिटनची तूट मुकाट्याने भागवणारा हिंदुस्थान आज कुणाच्याच वहीत नाही, आणि त्या एका पानावाचून ही कथा उभी राहत नाही. आरमारी शर्यतीलाही या पुस्तकात थोडीच पाने मिळाली आहेत. ड्रेडनॉट युद्धनौकांवर भरपूर लिहिले गेले आहे, डांबरावर फार कमी. ज्यांना विनिमयाच्या आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी चौथे प्रकरण सोडून आधी नवव्यातल्या गिरण्यांकडे जावे आणि मग परत यावे.